वसंताची वाट पाहतानाचे शब्दखेळ: देशोदेशीचे, आणि मराठीत आणायचे कसे?

मातृकापाठ

थंडी सरायची वाट बघण्याच्या दिवसांत अनेक भाषांमध्ये शब्दांचे आणि अक्षरांचे खेळ रंगतात. हे खेळ मराठीत सांगताना आपण लगेच कंसात खुलासा देतो आणि तिथेच गंमत संपते. खुलासा न देता, खेळ खेळ म्हणूनच मराठीत उतरवता येतो का, यासाठी हा धागा. माझ्या मते येतो, पण शब्दाचं भाषांतर करून नव्हे. खेळ ज्या खिळ्यावर फिरतो तो खिळा आधी शोधावा लागतो.

सुरुवात चीनपासून. लाल कागदावर ‘फू’ (सुदैव) किंवा ‘छुन’ (वसंत) एवढं एकच अक्षर लिहितात आणि कागद मुद्दाम उलटा चिकटवतात. ‘उलटा’ आणि ‘येऊन पोचला’ या दोन्ही शब्दांचा उच्चार ‘ताओ’. दारात आलेला माणूस "तुमचा छुन उलटा झालाय" म्हणाला की त्याच्याच तोंडून "तुमच्याकडे वसंत आला" असं निघतं. इथे विनोद घरच्यांनी करायचा नसतो, तो पाहुण्याकडून वदवून घ्यायचा असतो. मराठीत आणताना हे निसटता कामा नये.

दुसरा खेळ ‘नऊ-नव्वा’चा. हिवाळी अयनदिनापासून, म्हणजे २१-२२ डिसेंबरपासून, नऊ-नऊ दिवसांचे नऊ गट मोजतात. ८१ दिवस भरले की थंडी संपली. मोजणीसाठी घरात तक्ता लावतात. एका प्रकारात प्लमची फांदी असते, तिच्यावर नऊ फुलं, प्रत्येकाला नऊ पाकळ्या, आणि रोज एक पाकळी रंगवायची. दुसऱ्यात ८१ वर्तुळं असतात आणि प्रत्येक वर्तुळात त्या दिवसाची हवा नोंदवतात: ढगाळ असेल तर वरचा भाग भरायचा, निरभ्र असेल तर खालचा, वारा असेल तर डावा, पाऊस असेल तर उजवा, आणि बर्फ पडला तर मधोमध. म्हणजे हिवाळा संपताना हातात हवामानाची पूर्ण नोंदवही येते.

तिसरा प्रकार मला सगळ्यात सुंदर वाटतो. नऊ अक्षरांची एक ओळ, आणि पारंपरिक वळणात प्रत्येक अक्षर कुंचल्याच्या नऊ फटकाऱ्यांचं. ‘तिंग छ्येन छुई ल्यू चन चोंग ताई छुन फंग’, म्हणजे साधारण ‘मंडपापुढचा लवलेला विलो जिवापाड जपत वसंतवाऱ्याची वाट पाहतो’. अक्षरांची नुसती बाह्यरेषा छापलेली असते आणि रोज एक फटकारा शाईने भरायचा. ओळीचा अर्थ ‘वाट पाहणे’ आणि ती ओळ पुरी करणं हीच वाट पाहण्याची कृती. आजच्या सरलीकृत लिपीत मात्र हे जमत नाही. ‘फंग’ म्हणजे वारा, जुन्या वळणात नऊ फटकाऱ्यांचा, तो तिथे चारच फटकाऱ्यांचा उरतो.

तर प्रश्न दोन. ‘उलटा म्हणजे आला’ याला मराठीत काय? आणि ८१ दिवसांचा अक्षरतक्ता देवनागरीत बसेल का?

ओळीओळीत

पहिल्याचं उत्तर मराठीत तयार आहे. कागदावर ‘वसंत’ लिहू नका, ‘शिशिर’ लिहा आणि तो उलटा लावा. बघणारा म्हणेल, "शिशिर उलटला." महिना उलटतो, वर्ष उलटतं, चाळिशी उलटते, तसाच शिशिरही उलटला. चिनी खेळात येणाऱ्याचं नाव उलटं लावतात, मराठीत जाणाऱ्याचं लावायचं. खिळा तोच, पान दुसरं.

करताना एक अडचण येईल. चारही कोपऱ्यांना खळ लावून कागद चिकटवला तर लोक "उलटा लावलाय" म्हणतात, आणि ‘उलटा लावलाय’मध्ये काळ सरल्याचा अर्थ येत नाही. "उलटलाय" हेच क्रियापद बाहेर पडायला हवं. त्यासाठी जाड कागद एकाच खिळ्यावर टांगा. खिळा अक्षरांच्या पायाशी, मधोमध, म्हणजे टांगल्यावर पाय वर आणि शिरोरेषा खाली. एका खिळ्यावरचा कागद आपोआप फिरल्यासारखा दिसतो आणि तोंडात ‘उलटला’च येतं. अक्षरं तीनच असल्यामुळे उलटी असूनही चटकन वाचता येतात. ‘हिवाळा’ लिहिलं तरी चालेल, पण ‘थंडी’ नको, ‘थंडी उलटली’ असं कुणी म्हणत नाही.

छंदमोजणी

ओळीओळीत, फार नेमकं. एक भर घालतो. ‘ताप उलटला’ म्हणजे गेलेला ताप परत आला. त्यामुळे ‘शिशिर उलटला’चा तिसरा अर्थही आहे: सरला असं वाटलेली थंडी पुन्हा फिरली. समशीतोष्ण देशांत फेब्रुवारी-मार्चमध्ये हे हमखास घडतं. म्हणजे कागद एकदा टांगला की हवा कशीही निघाली तरी तो खराच ठरतो. मूळ चिनी खेळात हा पदर नाही.

हाइकूवाचक

जपानी कवितेत या प्रकाराला काकेकोतोबा म्हणतात. एकच ध्वनी, त्याचा एक अर्थ मागच्या शब्दांशी जुळतो आणि दुसरा पुढच्या. वसंताच्या कवितांत याचं कोठार आहे, कारण ‘हारु’ म्हणजे वसंत आणि ‘हारु’ म्हणजे फुगणं, ताणलं जाणं.

इ. स. ९०५च्या सुमारास सिद्ध झालेल्या ‘कोकिन्शू’ या संग्रहात की नो त्सुरायुकीची कविता आहे. तिच्यात ‘कि नो मे मो हारु नो युकि’ असे शब्द येतात. ‘कि नो मे’ म्हणजे झाडाचे कोंब. ‘कि नो मे मो हारु’ इथपर्यंत वाचलं तर ‘कोंबही फुगतात’, आणि ‘हारु नो युकि’ असं पुढे जोडलं तर ‘वसंतातला बर्फ’. बर्फ पडतोय, आणि फुलं नसलेल्या गावातही फुलं गळताहेत असं दिसतंय, अशी ती कविता. कोंब फुगणं आणि वसंत येणं यांच्यामध्ये ‘आणि’सुद्धा नाही, एकाच श्वासात दोन्ही.

आता मराठीकडे या. जपानीत ‘मे’ म्हणजे कोंब आणि ‘मे’ म्हणजे डोळाही, चिन्हं वेगळी पण उच्चार एक. मराठीत तर शब्दच एक आहे! उसाच्या कांड्यावर डोळा असतो, बटाट्याला डोळे फुटतात, कलम बांधताना डोळा भरतात. आणि वाट पाहणं म्हणजे ‘डोळे लावून बसणं’. तेव्हा ‘फांदी डोळे लावून बसली आहे’ या साध्या मराठी वाक्यात कोंब आणि प्रतीक्षा दोन्ही येतात. शेवटचा शब्द बदलून ‘डोळे उघडले’ केलं की वसंत आला. इतका तंतोतंत जुळणारा श्लेष परक्या भाषेतून उतरवताना सहसा हाती लागत नाही.

‘मात्सु’ची गोष्ट वेगळी. मात्सु म्हणजे पाईन वृक्ष आणि मात्सु म्हणजे वाट पाहणे. योगायोगाने इंग्रजीतही ‘पाईन’ म्हणजे झाड आणि झुरणं, त्यामुळे इंग्रजी अनुवादकांना हा श्लेष फुकट मिळतो. मराठीत झाडाचं असं नाव कुणाला सुचतंय का?

ओळीओळीत

सुरू. सुरूचं झाड, आणि सुरू म्हणजे चालू झालेलं. ‘टेकडीवर सुरू, वसंत’. पण इथे वाट पाहण्याचा अर्थ जातो आणि आरंभाचा येतो. मात्सुच्या कवितेत हे बसणार नाही. प्रतीक्षा संपण्याच्या ओळीत मात्र शोभेल.

हाइकूवाचक

मान्य. विरहाच्या कवितेत ‘सुरू’ घातला तर कविताच उलटी होईल.

अजून एक जपानी वापर नोंदवतो. प्रवेशपरीक्षेचा निकाल तारेने कळवायच्या काळात उत्तीर्ण झाल्यास ‘साकुरा साकु’ (चेरी फुलली) आणि अनुत्तीर्ण झाल्यास ‘साकुरा चिरु’ (चेरी गळली) असे शब्द येत. निकाल आणि बहर एकाच हंगामातले, म्हणून संकेत चपखल. हा मराठीत आणताना ‘पालवी फुटली’ घेऊ नका, परीक्षेच्या संदर्भात ‘फुटणे’ म्हटलं की प्रश्नपत्रिकाच आठवते. ‘कळी खुलली’ घ्या. त्यात फूलही आहे आणि हसरा चेहराही.

अंकुरनोंदी

शब्दांच्या चर्चेत झाडाची बाजू मांडतो, कारण ‘डोळा फुगला’ हे चिन्ह नेमकं काय सांगतं हे कळलं तर या कविता जास्त भिडतात.

थंड प्रदेशातल्या फळझाडांचे डोळे आदल्या उन्हाळ्यातच तयार झालेले असतात. शरदात ते निद्रावस्थेत जातात. या झोपेतून उठायला त्यांना आधी थंडी लागते, ऊब नंतर. ढोबळ हिशोबात ० ते ७ अंश सेल्सियसमधले तास मोजतात. सफरचंदाच्या बऱ्याच जातींना असे ८०० ते १,००० तास लागतात. हा कोटा पुरा होण्याआधी कितीही ऊन पडलं तरी डोळा हलत नाही. कोटा पुरा झाल्यावर मात्र झाड ऊब साठवायला लागतं. म्हणजे बाहेरून निपचित दिसणाऱ्या फांदीत दोन वेगवेगळ्या मोजण्या एकापाठोपाठ चाललेल्या असतात. ‘डोळे लावून बसणं’ हे शास्त्राच्या अंगानेही बरोबर आहे.

ऊब मोजायची जपानमधली सोपी रीत: १ फेब्रुवारीपासून रोजचं कमाल तापमान बेरजेत धरत जा, बेरीज ६००च्या आसपास पोचली की सोमेई योशिनो चेरी फुलते. तोवर झोप मोडलेली असते असं गृहीत धरून १ फेब्रुवारी घेतात. म्हणून हिवाळा फार उबदार गेला की हा हिशोब चुकतो: थंडीचा कोटा उशिरा भरतो आणि ऊब असूनही बहर लांबतो किंवा अर्धवट येतो. ‘थंडी कमी म्हणजे वसंत लवकर’ हे सरसकट खरं नाही.

अधिकृत घोषणेसाठी ठरलेलं झाड असतं. टोकियोतलं यासुकुनी देवळाच्या आवारात आहे. त्यावर पाच-सहा फुलं उमलली की ‘काइका’, म्हणजे बहराचा आरंभ, जाहीर होतो, आणि सुमारे ८० टक्के कळ्या उमलल्या की पूर्ण बहर. एका झाडावरून आजूबाजूच्या झाडांबद्दल बोलता येतं, कारण सोमेई योशिनो कलमांनीच वाढवतात, ती सगळी झाडं आनुवंशिकदृष्ट्या एकच आहेत.

आणि थंडी ‘उलटली’ तर काय होतं, तेही सांगतो. सफरचंदाच्या डोळ्याच्या पायऱ्या असतात: रुपेरी टोक, हिरवं टोक, घट्ट झुबका, गुलाबी कळी, पूर्ण फूल. रुपेरी टोकाला उणे ९.४ अंशांत अर्धा तास काढावा लागला तर साधारण १० टक्के डोळे मरतात. पूर्ण फुलाला तेवढ्याच नुकसानीसाठी उणे २.२ पुरतात, आणि उणे ३.९ला ९० टक्के फुलं जातात. डोळा जितका उघडा तितका तो नाजूक. छंदमोजणींनी सांगितलेला तिसरा अर्थ बागाईतदाराच्या पोटात गोळा आणणारा आहे.

मातृकापाठ

अंकुरनोंदी, घरात फांदी आणून फुलवण्याबद्दलही लिहा ना. जर्मन भाषिक भागात ४ डिसेंबरला, संत बार्बाराच्या दिवशी, चेरीची फांदी कापून पाण्यात ठेवतात आणि नाताळात ती फुलेल अशी वाट पाहतात.

अंकुरनोंदी

कोटा पुरा झाला की नाही हे तपासायची ती उत्तम रीत आहे. फांदी ३० ते ४० सेंटिमीटरची घ्या. डोळे बघून निवडा: जाड, गोलसर डोळे फुलांचे, बारीक टोकदार डोळे पानांचे. टोकदार घेतले तर फक्त पानं येतील. छाट तिरपा द्या, रात्रभर कोमट पाण्यात बुडवून ठेवा, मग गार खोलीत पाण्याच्या भांड्यात उभी करा. तीन-चार दिवसांनी पाणी बदला. तीनेक आठवडे लागतात. शेकोटीजवळ किंवा हीटरजवळ ठेवली तर कळ्या उमलण्याआधी वाळून गळतात. ४ डिसेंबरपर्यंत बाहेर पुरेशी थंडी पडलेली नसेल तर फांदी नुसती उभी राहते. जानेवारीअखेरीस कापलेली फांदी त्यामानाने लवकर फुलते.

फार्सीअभ्यास

इराणी नवरोजचा ‘हफ्त-सीन’ या धाग्यात यायलाच हवा. वसंतसंपाताला, २० किंवा २१ मार्चच्या सुमारास, सात वस्तू मांडतात आणि सातही ‘सीन’ या अक्षराने सुरू होणाऱ्या: सब्झे (उगवलेलं हिरवं धान), समनू (गव्हाच्या अंकुरांची खीर), सेंजेद (एक सुकं फळ), सीर (लसूण), सीब (सफरचंद), सुमाक, सेर्के (व्हिनेगर). कुणी सोंबोल (हायसिंथ) किंवा सेक्के (नाणं) मांडतात.

हा खेळ लिपीचा आहे, नुसत्या आवाजाचा नाही. फार्सीत ‘स’ हा उच्चार सीन, साद आणि से अशा तीन अक्षरांनी लिहितात. ‘साबून’ ऐकायला स-चाच, पण तो ‘साद’ने लिहितात, म्हणून ताटात बसत नाही. आपल्याकडे श आणि ष यांचा उच्चार बोलताना एक झाला तरी लेखनात वेगळा राहतो, तसंच. मराठी ‘सात स’ करायचे तर दंत्य स पक्का धरा, श घुसवला तर खेळ सैल पडतो. शिवाय ‘सीर’ म्हणजे लसूण आणि ‘सीर’ म्हणजे तृप्त, पोट भरलेला. ताटातला लसूण असा दोन्हीकडून बोलतो.

सब्झे करायचं तर संपाताच्या १२ ते १४ दिवस आधी लागा. गहू किंवा मसूर एक दिवस भिजवा, पाणी काढून ओल्या कापडात बांधा. पांढरं टोक दिसलं की पसरट ताटलीत दाण्याला दाणा लागेल असा एकच थर पसरा. वर ओलं पातळ कापड ठेवा, कोंब त्याला उचलू लागले की काढा, मग उजेडात ठेवून दिवसातून दोनदा पाणी शिंपडा. बिघडतं ते तीन कारणांनी: थर जाड झाला की खालचे दाणे आंबून वास येतो, ताटलीत पाणी साचलं की बुरशी धरते, आणि अंधारात ठेवलं की पाती पिवळी, लांबडी होऊन माना टाकतात. फार आधी लावलं तर ऐन दिवशी लोळतं. तेराव्या दिवशी ते वाहत्या पाण्यात सोडतात.

विलोमपद

जपानमध्ये झेन मंदिरांत वसंतारंभाच्या दिवशी, म्हणजे ४ फेब्रुवारीच्या आसपास, दाराला ‘रिश्शुन दाइकिची’ (वसंतारंभ, महाशुभ) असा कागद लावतात. चारही चिन्हं उभ्या अक्षाभोवती डावी-उजवीकडे सारखी, त्यामुळे पातळ कागद मागून पाहिला तरी तेच दिसतं. कथा अशी की राक्षस दारातून आत येतो, मागे वळून बघतो, तर तोच मजकूर. त्याला वाटतं आपण अजून आत शिरलोच नाही, म्हणून तो ‘आत’ जायला परत फिरतो आणि बाहेर पडतो. लिपीच्या आकारावर एवढा अचूक बेतलेला विनोद मला दुसरा माहीत नाही.

मराठीसाठी सुचवतो: ‘नव वन’. उलट वाचलं तरी नव वन. नवं रान, म्हणजे पालवलेलं रान. अर्थही वसंताचाच.

छंदमोजणी

‘नव वन’ देखणं आहे, पण यंत्रणा वेगळी आहे हे लक्षात घ्या. जपानी मजकूर आरशातला आहे, तुमचा विलोमाचा. देवनागरीत बहुतेक अक्षरांचा दंड उजवीकडे असतो. न किंवा व मागून पाहिला तर दंड डावीकडे जातो आणि अक्षर चुकीचं दिसतं. पातळ कागदावर लिहून दारात लावलं तर तुमचा राक्षस फसणार नाही.

उपाय असा: जाड पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंना लिहा, आणि आडवं नको, उभं लिहा, न खाली व, खाली व, खाली न. वरून खाली वाचा की खालून वर, तेच.

विलोमपद

पटलं. पुठ्ठ्याच्या दोन बाजूच योग्य.

रानकान

संस्कृतातलं ‘काकः कृष्णः पिकः कृष्णः को भेदः पिककाकयोः। वसन्तसमये प्राप्ते काकः काकः पिकः पिकः॥’ कुणी अजून कसं आणलं नाही? वसंताची वाट पाहणारा याच्याइतका नेटका शब्दखेळ नाही. एकच शब्द दोनदा, पण पहिला ‘काक’ हे नाव आणि दुसरा ‘काक’ हा गुण. नवा शब्द एकही न आणता नुसत्या पुनरुक्तीने निर्णय दिला आहे. मराठीत हे जसंच्या तसं चालतं, ‘कावळा तो कावळाच, कोकीळ तो कोकीळच’. ‘च’मुळे दुसरा अर्थ आपोआप उमटतो, कारण ‘शेवटी तो तोच’ अशी बोलायची सवय मराठीत आहेच.

श्लोक पक्ष्याच्या बाबतीतही अचूक आहे, फक्त नरापुरता. नर कोकीळ तुकतुकीत काळा, मादी तपकिरी आणि अंगभर ठिपके. चढत जाणारं कुहू-कुहू नराचं. मादीचा आवाज वेगळा, तुटक किक्-किक्. त्यामुळे ‘कोकिळा गाते’ हे वाक्य गोड असलं तरी चूक आहे. कावळा आणि नर कोकीळ शांत बसलेले ओळखायचे असतील तर वसंताची गरज नाही: कोकिळाचा डोळा लालभडक, चोच फिकट हिरवट. कावळ्याचा डोळा गडद आणि चोच काळी, दणकट.

संस्कृतात कोकिळाला ‘परभृत’, दुसऱ्याने पोसलेला, असं नाव आहे, कारण मादी कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते. म्हणजे श्लोकात ज्या दोघांची तुलना आहे त्यांतला एक दुसऱ्याच्या घरी वाढलेला. हे माहीत असलं की ‘को भेदः’ हा प्रश्न जास्तच टोकदार होतो.

ओळीओळीत

इंग्रजीचं थोडक्यात, कारण तिकडचे वसंत-विनोद बहुतेक महिन्यांच्या नावांवर चालतात. ‘१ एप्रिलला सगळे दमलेले का? एकतीस दिवसांचा मार्च संपवून आले म्हणून.’ हा मराठीत जवळपास जिवंत राहतो, कारण ‘लाँग मार्च’मुळे मार्चचा पायी चालण्याचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे. ‘एप्रिलच्या सरींनी मे-ची फुलं येतात, तर मे-फुलांनी काय येतं? पिलग्रिम्स’ हा मात्र आणू नये. पिलग्रिम्स या इंग्रज स्थलांतरितांना १६२०मध्ये अमेरिकेला घेऊन गेलेल्या जहाजाचं नाव ‘मेफ्लॉवर’ होतं हे ऐकणाऱ्याला आधीच माहीत असेल तरच तो हसतो. ध्वनीवरचा विनोद बदलून घेता येतो, माहितीवरचा नाही.

२ फेब्रुवारीच्या ग्राउंडहॉगबद्दलही एक नोंद. पेन्सिल्व्हेनियातल्या पंक्सटॉनीत १८८७पासून हा प्राणी सावली बघतो, सावली दिसली तर आणखी सहा आठवडे हिवाळा. २ फेब्रुवारी अधिक सहा आठवडे म्हणजे १६ मार्च, संपाताच्या दारातच. सावली दिसो न दिसो, पंचांगातला वसंत तेव्हाच येणार असतो.

आता मराठीचा एक फसणारा श्लेष, कारण तो सगळ्यांना सुचतो: मोहर. झाडाचा मोहर आणि सोन्याची मोहर किंवा शिक्क्याची मोहर. अडचण लिंगाची. झाडाचा मोहर पुल्लिंगी, तो ‘आला’. शिक्क्याची मोहर स्त्रीलिंगी, ती ‘उठली’. भूतकाळी क्रियापद आलं की एक अर्थ मरतो. तेव्हा लिंग न दाखवणारी रूपं घ्या. ‘मोहर येईल’, ‘मोहर दिसेना’ यांत दोन्ही अर्थ टिकतात. आणि ही रूपं वाट पाहण्याचीच आहेत, त्यामुळे विषयालाही धरून होतं.

छंदमोजणी

मातृकापाठ, तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर काम केलंय. देवनागरीत फटकारे मोजणं सोडून द्या. शिरोरेषा प्रत्येक अक्षराची वेगळी धरायची की शब्दाची एक, ‘शि’मधली वेलांटी एका ओघात की दोन, यावर दोन माणसांचं एकमत होत नाही. मात्रा मोजता येतील, पण गुरूला दोन दिवस आणि लघूला एक असं झालं की रोज एक खूण हा नियम मोडतो.

मराठीचं स्वाभाविक माप अक्षर. ओवी-अभंग अक्षरांवरच चालतात. म्हणून नऊ अक्षरांच्या नऊ ओळी, रोज एक अक्षर. जोडाक्षर एकच अक्षर, अनुस्वार वेगळा मोजायचा नाही. मसुदा:

पानगळ सरत आली
उघड्या फांद्या उभ्या शांत
सालीखाली रस चढतो
डोळा फुगे देठाजवळ
दक्षिणेचा वारा जागतो
तांबूस कोवळी पालवी
भुंगा येई फुलाआधीच
गळा उघडतो कोकीळ
आता वसंत म्हणा त्याला

चौथ्या ओळीत हाइकूवाचकांचा ‘डोळा’ घेतलाय, आठव्यात रानकानांचा पुल्लिंगी कोकीळ.

अंकुरनोंदी

क्रम चांगला आहे. सातवी ओळ मात्र खटकते. फुलाआधी आलेल्या भुंग्याला खायला काही नाही, तो टिकणार कसा? ‘भुंगा शोधी पहिले फूल’ करा, अक्षरं नऊच राहतात. आणि प्लम, चेरी यांची फुलं पानांआधी येतात, तेव्हा पालवीच्या ओळीनंतर ‘पहिले फूल’ सगळीकडे खरं नाही. तसली झाडं असतील तिथे सहावी आणि सातवी ओळ अदलाबदल करून घ्या, अर्थ तुटत नाही.

छंदमोजणी

‘भुंगा शोधी पहिले फूल’ घेतली. ओळी स्वतंत्र ठेवल्याचा हा फायदा.

मातृकापाठ

तक्ता छापायचा असेल त्यांच्यासाठी: ९ बाय ९ चौकोन, प्रत्येक चौकोनात एक अक्षर, फक्त बाह्यरेषा असलेल्या टंकात. अक्षरं सुटी असल्याने प्रत्येकाची शिरोरेषा वेगळी येईल, ते योग्यच. ए-४ कागदावर दोन सेंटिमीटरचा चौकोन घेतला तर १८ सेंटिमीटरचा तक्ता आरामात बसतो, यापेक्षा लहान चौकोनात ‘ड्या’, ‘म्ह’ भरताना रंग बाहेर जातो. हवेची नोंद अक्षराच्या आत जमणार नाही. ती चौकोनाच्या कडांवर करा: वरची कड ढगाळ, खालची निरभ्र, डावी वारा, उजवी पाऊस, बर्फ असेल तर कोपऱ्यात ठिपका.

विलोमपद

सुरुवात कधी? आणि ८१वं अक्षर कुठल्या तारखेला येतं?

मातृकापाठ

अयनदिन हाच पहिला दिवस. २१ डिसेंबरला सुरू केलं तर शेवटचा ‘ला’ ११ मार्चला, २२ला केलं तर १२ मार्चला. फेब्रुवारी २९ दिवसांचा असेल तर एक तारीख अलीकडे. दक्षिण गोलार्धात २१ जूनला सुरू करा, तक्ता ९ सप्टेंबरला भरतो. पण तिथे पाचवी ओळ बदलावी लागेल, ऊबदार वारा त्यांच्याकडे उत्तरेचा.

छंदमोजणी

‘उत्तरेचा वारा जागतो’ करा, अक्षरं नऊच राहतात. उ-त्त-रे-चा-वा-रा-जा-ग-तो, नऊ.